उताऱ्यातला तपशील विचारणारे प्रश्न : नेहमी येणाऱ्या शंका

एमपीएससीच्या (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या) पूर्व परीक्षेत सीसॅट नावाचा दुसरा पेपर असतो, त्यात उतारे आणि गणित येतं. त्याची तयारी करणारी मुलं गणिताला घाबरतात आणि उताऱ्याला गृहीत धरतात. निकाल लागल्यावर कळतं की गणितात जेवढे गेले त्याहून जास्त गुण उताऱ्यातल्या 'सोप्या' प्रश्नांत गेले. अभ्यासिकेत, चहाच्या टपरीवर आणि टेस्ट सिरीजच्या चर्चेत मला वारंवार विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं सीसॅटची आहेत. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा शिष्यवृत्ती परीक्षेचे प्रश्न शेवटी आहेत.

तपशिलाचा प्रश्न म्हणजे नेमका कोणता?

ज्याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं असतं, तो. कोणी केलं, कधी, किती, कुठे, कशामुळे, कोणत्या क्रमाने. प्रश्नाची सुरुवातच बहुधा सांगून टाकते : 'उताऱ्यानुसार', 'उताऱ्यात नमूद केल्याप्रमाणे', 'लेखकाने दिलेले कारण कोणते', 'खालीलपैकी कोणत्या बाबीचा उल्लेख उताऱ्यात नाही'. याउलट 'सूचित होते', 'ध्वनित होते', 'निष्कर्ष काढता येईल', 'समर्पक शीर्षक' असे शब्द आले की तो प्रश्न वेगळ्या जातीचा.

हा फरक कामाचा आहे. निष्कर्षाच्या प्रश्नात लेखकाच्या पुढे एक पाऊल टाकावं लागतं. तपशिलाच्या प्रश्नात अर्धं पाऊलही टाकायचं नसतं. ज्यांचं वाचन भरपूर आहे, डोकं तल्लख आहे, त्यांचे इथे गुण जातात ते याच पावलामुळे.

सीसॅट आता फक्त पात्रतेपुरता आहे. मग एवढा खटाटोप कशाला?

पेपर २०० गुणांचा, ८० प्रश्न, दोन तास. प्रत्येक प्रश्नाला २.५ गुण. आयोगाने २०२२ मध्ये हा पेपर अर्हताकारी करायचं ठरवलं आणि ३३ टक्क्यांची अट ठेवली. म्हणजे ६६ गुण. निगेटिव्ह, म्हणजे चुकीच्या उत्तराची वजावट, धरली नाही तर २७ बरोबर उत्तरांत काम होतं.

हिशोब ऐकायला सोपा वाटतो आणि तिथेच घोळ होतो. मागच्या प्रश्नपत्रिका काढून बघा, निम्म्याहून अधिक प्रश्न उताऱ्यांवर आहेत. गणित कच्चं असलेल्या कला शाखेच्या मुलाला ६६ चा आकडा उताऱ्यांवरच गाठायचा असतो. त्यातही निष्कर्षाच्या प्रश्नांवर वाद होतात, शीर्षकाच्या प्रश्नावर दोन शहाणी माणसं भांडू शकतात. तपशिलाचा प्रश्न मात्र वादाचा नसतो. तो रोख पैसा आहे. पेपर एकमध्ये (सामान्य अध्ययन) चांगले गुण असूनही सीसॅटमध्ये ६६ च्या खाली राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना सांत्वनाला काय बोलायचं ते आजही सुचत नाही.

आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा?

यावर अभ्यासिकेत दोन पक्ष आहेत आणि दोघांचेही टॉपर आहेत. माझं मत असं : आधी फक्त प्रश्न वाचा, पर्याय नको. पाच प्रश्नांचे विषय डोक्यात यायला वीसेक सेकंद लागतात. 'क्षारतेचं कारण', 'रंग', 'कोणतं विधान बरोबर', एवढंच लक्षात ठेवायचं. मग उतारा एकदा नीट वाचायचा.

पर्याय आधी वाचू नका असं म्हणतो कारण चारपैकी तीन पर्याय चुकीचे असतात. उतारा वाचायच्या आधी तीन चुकीच्या गोष्टी डोक्यात भरल्या तर उतारा वाचताना त्याच दिसायला लागतात. पिवळा चष्मा घालून कावीळ तपासायला बसल्यासारखं होतं.

ज्यांना प्रश्न आधी वाचून गोंधळ होतो त्यांनी सरळ उतारा वाचावा. फक्त एक करा : परीक्षेच्या दिवशी पद्धत बदलू नका.

उतारा लक्षात राहत नाही. स्मरणशक्ती कमी आहे का?

लक्षात ठेवायचा नसतोच. उतारा समोर छापलेला आहे, कोणी काढून घेत नाही. पहिल्या वाचनात एवढंच कळलं पाहिजे की कोणती गोष्ट कुठे आहे. किराणा दुकानदाराला प्रत्येक डब्यात किती डाळ आहे ते पाठ नसतं, पण तूरडाळ कुठल्या फळीवर आहे ते अंधारातही सापडतं. तसं.

म्हणून पहिल्या परिच्छेदात काय, दुसऱ्यात काय, एवढं मनात म्हणत पुढे जा. सन, आकडे, संस्थांची नावं आणि 'मात्र', 'परंतु', 'तथापि', 'याउलट' हे शब्द डोळ्यांत भरून ठेवा. प्रश्नपुस्तिकेच्या सूचनांत मनाई नसेल तर हलकी खूण करा. सगळ्याच ओळी अधोरेखित करणारेही असतात. त्यांचा उतारा शेवटी रांगोळीसारखा दिसतो आणि शोधताना काहीच सापडत नाही.

एखादा उतारा घेऊन दाखवता का?

हा घ्या. सीसॅटच्या भाषेत मीच लिहिलेला आहे.

*बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले आहे. सरोवराचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे. काठावरील झऱ्यांतून त्यात येणारे पाणी मात्र गोडे आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले. यामागे शेवाळ असावे, असा अंदाज सुरुवातीस व्यक्त झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले असता त्यात हॅलोआर्किया हे लवणप्रिय सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणात आढळले. हे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पावसाअभावी व बाष्पीभवनामुळे पाण्याची पातळी घटून क्षारता वाढली आणि या सूक्ष्मजीवांच्या वाढीस अनुकूल स्थिती निर्माण झाली. पुढे पावसाचे पाणी मिसळल्यावर रंग ओसरला.*

पहिला प्रश्न : उताऱ्यानुसार सरोवराच्या पाण्याची क्षारता कशामुळे वाढली?
(१) हॅलोआर्कियाच्या वाढीमुळे
(२) पाण्याची पातळी घटल्यामुळे
(३) शेवाळामुळे
(४) बेसाल्ट खडकातील क्षारांमुळे

बहुतेक जण एकवर जातात. क्षारता आणि हॅलोआर्किया एकाच वाक्यात आहेत, म्हणून डोळा फसतो. पण वाक्य उलटं सांगतंय : आधी पातळी घटली, मग क्षारता वाढली, मग सूक्ष्मजीवांना बरे दिवस आले. पर्याय एकमध्ये परिणामाला कारण केलं आहे. चौथा पर्याय दिसतो भारदस्त. बेसाल्ट उताऱ्यात आहे, क्षारही आहे, पण त्या दोघांचं लग्न उताऱ्याने लावलेलं नाही. तिसऱ्यातलं शेवाळ हा कोणाचा तरी अंदाज होता, आणि तोही रंगाबद्दल, क्षारतेबद्दल नाही. उत्तर दोन.

आता आयोगाच्या आवडीचा प्रकार. खालीलपैकी कोणते विधान किंवा विधाने उताऱ्याच्या आधारे बरोबर आहेत?
(अ) लोणार सरोवरात येणारे सर्व पाणी खारट असते.
(ब) तपासणीत रंगाचे कारण शेवाळ असल्याचे आढळले.
(क) लोणार हे रामसर स्थळ आहे.
(ड) पावसाचे पाणी मिसळल्यावर गुलाबी रंग कमी झाला.
पर्याय : (१) फक्त ड (२) अ आणि ड (३) क आणि ड (४) अ, क आणि ड

उताऱ्याकडे वळण्याआधी पर्यायांकडे बघा. ड चारही ठिकाणी आहे, ब कुठेच नाही. म्हणजे ब आणि ड तपासण्यात वेळ घालवायचं कारणच नाही. प्रश्न उरला अ आणि क चा. 'सर्व' शब्द दिसला की कान टवकारायचे. झऱ्यांचं पाणी गोडं आहे, त्यामुळे अ गेलं. त्याबरोबर दोन आणि चार गेले. आता क.

इथे अभ्यास केलेला मुलगा मार खातो. लोणारला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं ते दुसरं रामसर स्थळ, हे त्याला पेपर एकच्या तयारीमुळे तोंडपाठ आहे. विधान खरं आहे, शंभर टक्के खरं आहे. पण उताऱ्यात त्याचा चकार शब्द नाही. प्रश्न 'उताऱ्याच्या आधारे' विचारलाय. उत्तर एक, फक्त ड.

ज्याने लोणारचं नावही ऐकलेलं नाही, तो या प्रश्नात जास्त सुरक्षित असतो. सीसॅटइतका अन्याय्य आणि तरीही न्याय्य पेपर दुसरा नसेल.

चुकीचे पर्याय बनवण्याच्या काही ठरलेल्या तऱ्हा आहेत का?

आहेत, आणि एकदा ओळख पटली की त्या लांबूनच दिसतात. मी माझ्या चुकांच्या वहीत त्यांना घरगुती नावं दिली होती.

'उलटी गाडी' वर आलीच : कारण आणि परिणाम यांची अदलाबदल. आधी आणि नंतरचीही होते.

'फुगवटा' म्हणजे उताऱ्यात 'काही', 'अनेक', 'बहुधा', 'शक्यता आहे' असतं आणि पर्यायात ते 'सर्व', 'नेहमी', 'निश्चितच' होतं. 'संशोधकांच्या मते घट होऊ शकते' याचं 'घट होते' झालं की पर्याय मेला. उलट दिशेचा फुगवटाही असतो : उताऱ्यात खरोखरच 'सर्व' असतं, पण आपण कुठल्या तरी क्लासमध्ये 'सर्व, केवळ, नेहमी असलेले पर्याय चूक' असं ऐकलेलं असतं आणि बरोबर उत्तर सोडून देतो. तो नियम नाही, इशारा आहे. इशारा मिळाला की उताऱ्यात जाऊन बघायचं, एवढंच.

'बाहेरचा पाहुणा' म्हणजे रामसरचं उदाहरण. जगात खरं, उताऱ्यात गैरहजर.

'दुसऱ्याचं मत' हा मला सगळ्यात घातक वाटतो. लेखक म्हणतो, 'असा समज होता की…', 'टीकाकारांचे म्हणणे असे…', 'सुरुवातीस मानले जाई…' आणि पुढच्या परिच्छेदात ते खोडून काढतो. पर्यायात ते लेखकाचं मत म्हणून येतं. शब्दन् शब्द उताऱ्यातलाच असतो, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. लोणारमधलं शेवाळ आठवा.

'जोडकाम' म्हणजे दुसऱ्या ओळीतला अर्धा भाग आणि सातव्या ओळीतला अर्धा भाग एकत्र शिवलेला पर्याय. दोन्ही तुकडे खरे, शिवण खोटी.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. पर्यायातले शब्द उताऱ्याशी हुबेहूब जुळणं ही चांगली खूण नाही. बरोबर पर्याय बहुधा वेगळ्या शब्दांत मांडलेला असतो, चुकीच्याला मात्र उताऱ्याचे कपडे घातलेले असतात.

मराठी तर मातृभाषा आहे, मग मराठी उताऱ्यात चुका का होतात?

मातृभाषा आहे म्हणूनच. आपण मराठी वाचत नाही, ओळखतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचून उरलेला मनानेच पूर्ण करतो. आणि मराठीत अर्थ फिरवणारी गोष्ट नेमकी शेवटी किंवा शब्दाच्या शेपटीला असते.

'च' आणि 'ही' बघा. 'लहान शेतकऱ्यांनीच कर्ज फेडले' आणि 'लहान शेतकऱ्यांनीही कर्ज फेडले'. एका अक्षराने मोठ्या शेतकऱ्यांची बाजू पालटली. पहिल्यात त्यांनी फेडलं नाही, दुसऱ्यात त्यांनीसुद्धा फेडलं. प्रश्न बरोबर त्यावरच येतो.

'शिवाय' हा शब्द तर दोन तोंडांचा. 'पाण्याशिवाय पीक येत नाही' यात तो 'विना'. 'मराठवाड्याशिवाय विदर्भातही टंचाई होती' यात तो 'त्याचबरोबर'. 'लातूरखेरीज इतर जिल्ह्यांत पाऊस झाला' यात लातूर बाहेर. असा शब्द आला की मनात त्याच्या जागी दुसरा सोपा शब्द ठेवून बघायचा.

मग येतात नकारावर नकार. 'हा धोका नाकारता येत नाही' म्हणजे धोका आहे. 'अपवाद वगळता विरोध झाला नाही' म्हणजे थोडा विरोध झाला. 'क्वचितच', 'अभावानेच', 'जेमतेम' हे शब्द नकाराचे कपडे न घातलेले नकार आहेत.

आणि सर्वनामं. 'त्यांनी', 'त्याचा', 'यामुळे', 'ही बाब'. लांब वाक्यात दोन पुल्लिंगी नामं आली की 'त्याचा' कोणाचा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'यामुळे' दिसलं की बोट मागच्या वाक्यावर न्यायचं. कारणाचे निम्मे प्रश्न या एका शब्दावर उभे असतात. लिंग आणि वचन इथे मदतीला येतात : 'तिचे' असेल तर आधीच्या वाक्यात स्त्रीलिंगी नाम एखादंच असतं, शोध तिथेच संपतो.

आकड्यांच्या प्रश्नात काय बघायचं?

विभक्ती. हसू नका. 'उत्पादन एक चतुर्थांशाने घटले' म्हणजे तीन चतुर्थांश उरलं. 'उत्पादन एक चतुर्थांशावर आले' म्हणजे एकच चतुर्थांश उरलं. 'ने' आणि 'वर' यांच्यात निम्मं उत्पादन बुडालं. तसंच १०० चे 'दोनशे टक्के झाले' म्हणजे २००, पण 'दोनशे टक्क्यांनी वाढले' म्हणजे ३००. 'किमान', 'कमाल', 'सुमारे', 'पर्यंत', 'पेक्षा अधिक' हे आकड्याला चिकटलेले शब्द आकड्याचाच भाग समजा.

सनांचे प्रश्न थेट क्वचित विचारतात. एक छोटा नमुना : 'कोयना धरणाचे काम १९६४ मध्ये पूर्ण झाले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात विनाशकारी भूकंप झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्येही तेथे धक्का बसला होता.' यावर विचारतील, 'धरण पूर्ण झाल्यानंतर साधारण किती वर्षांनी विनाशकारी भूकंप झाला?' वजाबाकी करायची, तीन. 'त्याच वर्षी' म्हणजे कोणत्या, हेही विचारतील : १९६७.

आणि एक पर्याय नक्की असेल : 'धरणामुळे भूकंप झाला'. जलाशयामुळे प्रेरित झालेल्या भूकंपांच्या चर्चेत कोयनेचं नाव जगभर घेतलं जातं, हे भूगोल वाचलेल्याला माहीत आहे. पण वरच्या तीन वाक्यांत तसं म्हटलंय का? नाही. तिथे फक्त एकामागून एक घडलेल्या गोष्टी आहेत. पाठोपाठ घडलं म्हणजे त्यामुळे घडलं असं लेखक म्हणत नाही, तोवर आपणही म्हणायचं नाही.

'चुकीचे नाही', 'असत्य विधान ओळखा' असे प्रश्न डोकं फिरवतात. काय करू?

प्रश्नाचं भाषांतर स्वतःच्या मराठीत करा आणि मगच पर्याय वाचा. 'कोणते विधान चुकीचे नाही' म्हणजे 'बरोबर कोणतं'. 'कोणता उल्लेख आढळत नाही' म्हणजे 'तीन आहेत, एक नाही'. मग प्रत्येक विधानापुढे फक्त उताऱ्याशी ताडून टिक किंवा फुली करायची, प्रश्न काय आहे हे त्या क्षणी विसरून. शेवटी प्रश्न परत वाचायचा आणि टिक हवी की फुली ते ठरवायचं. दोन कामं एकाच वेळी केली की पहिलं बरोबर विधान दिसताच हात उत्तरपत्रिकेतल्या गोळ्याकडे जातो, 'असत्य' विचारलंय हे विसरून. मी स्वतः एका पूर्व परीक्षेत असे दोन प्रश्न घालवले आहेत. घरी येऊन बघितल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

उल्लेख 'नसलेली' गोष्ट शोधायला वेळ लागतो, कारण तीन गोष्टी असल्याचं सिद्ध करावं लागतं. वेळ कमी असेल तर असा प्रश्न त्या उताऱ्यात शेवटी ठेवा. तोपर्यंत बाकीच्या प्रश्नांसाठी उतारा दोनदा धुंडाळून झालेला असतो आणि उत्तर बऱ्याचदा आपोआप समोर येतं.

दोन पर्यायांत अडकतो. नेहमी चुकीचा निवडतो. नशीब?

नशीब नाही. दोन पर्यायांत अडकलात की तुम्ही कोणता 'बरोबर वाटतो' ते शोधता. त्याऐवजी कोणता चूक आहे आणि कोणत्या शब्दामुळे चूक आहे ते शोधा. दोन्ही पर्याय शेजारी ठेवून त्यांच्यात फरक नेमका कोणत्या शब्दाचा आहे ते पकडा. बहुधा एकाच शब्दाचा असतो. आता उताऱ्यात पुन्हा जायचं ते फक्त त्या एका शब्दासाठी.

माझी कसोटी एकच आहे : निवडलेल्या पर्यायासाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. 'एकूण सूर तसाच आहे', 'लेखकाला तेच म्हणायचंय', 'तर्काने तसंच होईल' ही वाक्यं मनात आली की समजायचं, बोट हवेत आहे. आमच्या अभ्यासिकेत दोन मित्र एका पर्यायावरून अर्धा तास भांडले होते. एक अर्थशास्त्र सांगत होता, दुसरा समाजशास्त्र. तिसऱ्याने उतारा उचलून तिसरी ओळ मोठ्याने वाचली आणि दोघेही चहाला गेले.

मग बोट ठेवता आलं नाही तर प्रश्न सोडायचा का?

हिशोब करू. एमपीएससीत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होतात, म्हणजे २.५ च्या प्रश्नाला ०.६२५. दोन पर्याय खात्रीने उडवले असतील आणि उरलेल्या दोनांत नाणं उडवलं, तर सरासरी फायदा होतो. असे दोन प्रश्न घेतले, एक बरोबर आला, एक चुकला, तर २.५ मिळाले आणि ०.६२५ गेले. तेव्हा सोडू नका. एकही पर्याय उडवता आला नाही तर फायदा इतका किरकोळ आहे की त्या वेळात दुसरा प्रश्न नीट सोडवलेला बरा. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये वजावट एक तृतीयांश आहे, म्हणजे ०.८३. तिथे चारही पर्याय उघडे असताना नाणं उडवण्याला काहीच अर्थ नाही. वजावटीचा नियम दर वेळी जाहिरातीत आणि प्रश्नपुस्तिकेच्या पहिल्या पानावर वाचून घ्या, मित्राच्या तोंडून ऐकू नका.

एका उताऱ्याला किती वेळ द्यावा?

१२० मिनिटं, ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. पाच प्रश्नांच्या उताऱ्याला वाचनासकट साडेसात मिनिटं. त्यातली अडीच ते तीन वाचनाला गेली तरी चालतील. पहिलं वाचन घाईत उरकून पाच वेळा परत जाणाऱ्याला एकूण वेळ जास्तच लागतो.

उतारा निवडताना लांबी बघू नका, जात बघा. विज्ञान, भूगोल, इतिहास, योजना यांवरचे उतारे तपशिलाने भरलेले असतात, ते आधी घ्या. तत्त्वज्ञान, कला, अमूर्त विचार यांवरचे उतारे छोटे दिसतात आणि पाय धरतात.

भाषांतरित उताऱ्यातलं मराठी समजत नाही. काय करावं?

तुमची चूक नाही, काही वाक्यं खरंच तशी असतात. द्विभाषिक उताऱ्यात मराठी वाक्य अडलं तर तेवढंच वाक्य इंग्रजीत बघा. सगळा उतारा दोन्ही भाषांत वाचायच्या फंदात पडू नका. मात्र मराठी आणि इंग्रजी भाषेचं आकलन तपासणारे काही उतारे भाषांतराशिवाय येतात, तिथे दुसरी बाजू नसते. इंग्रजी उताऱ्याची भीती असेल तर हे ध्यानात ठेवा की त्यात तपशील शोधणं सोपं जातं : नावांची कॅपिटल अक्षरं आणि आकडे पानावर उठून दिसतात. 'एक्सेप्ट' (वगळता), 'अनलेस', 'हार्डली' आणि 'फ्यू' व 'अ फ्यू' यांच्यातला फरक एवढं पक्कं केलं तरी बरंच भागतं.

सराव कशावर करायचा?

आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांवर, उत्तरतालिकेसह. दोन्ही आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. बाजारातल्या काही सराव संचांत पर्याय इतके ढोबळ असतात की डोळे मिटून उत्तर येतं, किंवा उत्तरच वादग्रस्त असतं. त्यावर घासून उपयोग नाही.

सराव असा : पेपर तपासल्यावर गुण मोजून वही मिटवू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहा. मी काय निवडलं, बरोबर उत्तराची ओळ कोणती, आणि मला फसवणारा शब्द कोणता. बरोबर आलेले पण अंदाजाने आलेले प्रश्नही लिहा, ते उधारीचे गुण आहेत. पंधरा-वीस उतारे झाले की स्वतःचा रोग कळतो. माझा 'दुसऱ्याचं मत' होता. माझ्या एका मैत्रिणीचा 'फुगवटा'. ती 'बहुतेक' आणि 'सर्व' यांत फरकच करत नसे, वागण्यातही.

दुसरा व्यायाम फुकटचा आहे. वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्या आणि त्यावर स्वतः एक तपशिलाचा प्रश्न चार पर्यायांसह बनवा. तीन चुकीचे पर्याय बनवताना घाम फुटतो, पण फसवणूक कशी रचतात ते आतून कळतं.

उत्तरतालिकेतलं उत्तरच चूक वाटतंय. हरकत घ्यावी का?

आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करून ठरावीक मुदतीत हरकती मागवतो आणि नंतर सुधारित तालिका देतो. कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्न रद्द होतो. उताऱ्याच्या प्रश्नावर हरकत घेताना संदर्भ पुस्तकांची यादी कामाची नाही. उताऱ्यातलं वाक्य उद्धृत करा, पर्यायातला शब्द दाखवा. ते जमत नसेल तर तुमची हरकत बहुधा उताऱ्यावर नाही, निकालावर आहे.

टीईटी आणि शिष्यवृत्तीला हेच चालेल का?

वाचण्याची रीत तीच, नियम वेगळे. टीईटी आणि सीटीईटीत (केंद्राची टीईटी) निगेटिव्ह नाही, त्यामुळे एकही गोळा रिकामा सोडायचा नाही.

आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत एक वेगळी गोम आहे. पेपरमधल्या कमाल २० टक्के प्रश्नांना दोन पर्याय अचूक असतात, आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. मुलं पहिला बरोबर पर्याय मिळाल्याच्या आनंदात पुढे जातात. घरी सराव घेताना मुलाला 'उत्तर काय?' असं विचारण्यापेक्षा 'कुठे लिहिलंय, दाखव' असं विचारा. आणि प्रश्नाच्या शेवटी 'दोन पर्याय निवडा' असं लिहिलंय का, ते त्याला आधी मोठ्याने वाचायला लावा.